कोणत्या सालचं क्लँडन?

२९ एप्रिल २०१५ च्या दुपारी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, गिल्डफर्ड शहराजवळच्या क्लँडन पार्क या हवेलीच्या तळघरात आग लागली. विजेच्या वितरण फलकात दोष होता, असं पुढे तपासात निघालं. रात्र उलटेपर्यंत छप्पर कोसळलं, मजले एकमेकांवर पडले आणि लाल विटांच्या बाहेरच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. आत एकच दालन जवळजवळ शाबूत राहिलं, ते म्हणजे स्पीकर्स पार्लर. ऑन्स्लो घराण्यातले तिघे ब्रिटिश लोकसभेचे अध्यक्ष झाले, त्यांच्या नावाचं हे दालन. हवेली नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताब्यात होती. ट्रस्टनं २०१६ मध्ये सांगितलं की तळमजल्यावरची मुख्य दालनं पूर्ववत करू आणि वर नव्या जागा काढू; २०१७ मध्ये त्यासाठी वास्तुविशारदही निवडले. २०२२ मध्ये बेत बदलला. आता भिंती आहेत तशा सांभाळायच्या, वर छप्पर घालायचं, आतून पादचारी पूल न्यायचे आणि जळक्या हवेलीचा सांगाडा लोकांना दाखवायचा, असं ठरलं. तेव्हापासून जो वाद चालू आहे त्यात एक बाजू म्हणते, ‘जसं होतं तसं बांधा’. दुसरी म्हणते, ‘नक्कल करू नका, जे खरं उरलंय ते दाखवा’. पहिली बाजू दुसरीला वारशाची शत्रू ठरवते, दुसरी पहिलीला गतकाळात रमलेली. मला दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात. एका बाजूला हवेली २८ एप्रिल २०१५ या तारखेवर थांबवायची आहे, दुसरीला ३० एप्रिल २०१५ वर. क्लँडन मात्र तीनशे वर्षांत कधीच एका तारखेवर थांबलेलं नव्हतं. त्याला पुन्हा मजले मिळावेत, जिथं पुरावा आणि जुनं सामान आहे तिथं जुनं काम जोडून घ्यावं, आणि जिथं काहीच उरलेलं नाही तिथं आजच्या माणसांनी आजच्या हातांनी नवं घर बांधावं, असं माझं मत आहे.

‘जसं होतं तसं’ म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारायला हवा तो सालाचा. कोणत्या सालचं क्लँडन? तिथलं जुनं एलिझाबेथकालीन घर पाडून थॉमस ऑन्स्लोनं जाकोमो लिओनी या व्हेनिसच्या वास्तुविशारदाकडून नवी हवेली बांधून घेतली, ती १७३० च्या आसपास. म्हणजे आज जिच्यासाठी लोक हळहळतात ती वास्तूच मुळात एका ऐतिहासिक घराच्या जागेवर उभी आहे. पुढे अठराव्या शतकाच्या शेवटी कॅपेबिलिटी ब्राउन या उद्यानरचनाकारानं भोवतालचा परिसर बदलला. १८७० च्या दशकात पश्चिमेच्या दर्शनी बाजूला, बग्गीतून उतरताना पाऊस लागू नये म्हणून, एक पुढे आलेला पोर्च चिकटवला गेला. लिओनीच्या रेखीव दर्शनी भिंतीला तो मुळीच शोभत नाही, आणि तरी तो आज हवेलीचाच भाग आहे. १९५६ मध्ये घर ट्रस्टकडे आलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीला जॉन फाउलर या सजावटकारानं आतली दालनं नव्यानं रंगवली. जुने थर खरवडून मूळ रंग शोधायचा आणि मग त्याला स्वतःच्या नजरेची जोड द्यायची, ही त्याची पद्धत. आगीत जळालेला रंग लिओनीच्या काळातला असल्यासारखं आज बोललं जातं; तो फाउलरचा होता.

सामानाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. चिनी मातीचे पक्षी, भरतकाम, उंची फर्निचर बघायला लोक क्लँडनला जायचे. त्यातला मोठा भाग ऑन्स्लो घराण्याचा नव्हताच. तो हॅना गबे या बाईंचा संग्रह होता आणि त्यांच्या मृत्युपत्रानं ट्रस्टकडे आला होता. या बाई सर फिलिप ससून यांच्या नात्यातल्या, म्हणजे ज्या घराण्याच्या नावानं मुंबईत ससून डॉक आहे आणि पुण्यात ससून रुग्णालय आहे, त्या गोतावळ्यातल्या. बगदादहून मुंबई, मुंबईहून लंडन असा प्रवास केलेल्या कुळातल्या एका बाईनं हौसेनं जमवलेल्या वस्तू सरेमधल्या उमरावाच्या घरात मांडल्या गेल्या, आणि पन्नासेक वर्षांत त्या ‘क्लँडनचा मूळ थाट’ होऊन बसल्या. ही फसवणूक झाली असं मी म्हणत नाही. घरं अशीच घडतात. पण मग जी मंडळी ‘मूळ’ हा शब्द इतक्या ठामपणे वापरतात त्यांनी सांगावं, की लिओनीचं रिकामं घर बांधायचं, की १८७६ चं पोर्चसकट, की फाउलरच्या रंगाचं आणि गबेबाईंच्या पक्ष्यांचं? यातलं कुठलंही एक निवडलं की बाकीची पुसली जातात. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत हेच स्पष्ट लिहिलं आहे: वास्तूवर सर्व काळांनी घातलेली रास्त भर जपावी, शैलीची एकसंधता हे जीर्णोद्धाराचं ध्येय नव्हे, आणि जिथून अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबवावा.

या बाजूचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे अपपार्क, आणि तो हलक्या हातानं बाजूला सारण्यासारखा नाही. वेस्ट ससेक्समधली ही हवेली ३० ऑगस्ट १९८९ ला जळाली. छपराच्या शिशाच्या पत्र्याचं काम संपत आलं होतं आणि कामगारांच्या ब्लोटॉर्चनं पेट घेतला. ट्रस्टनं तेव्हा ठरवलं की आग लागण्याच्या आदल्या दिवशी घर जसं होतं तसं ते परत उभं करायचं. जळका ढिगारा कचरापेट्यांत भरून ठेवला गेला. त्यातून गिलाव्याचे तुकडे, लाकडी नक्षीचे अवशेष, कुलपं, झुंबरांचे भाग चाळून काढले. चुन्याच्या गिलाव्यात साच्याशिवाय, नुसत्या हातानं वेलबुट्टी उठवण्याची कला इंग्लंडमध्ये जवळपास विसरली गेली होती. अपपार्कच्या छतांसाठी कारागिरांनी ती पुन्हा शिकून घेतली. नवा रंग ताजा दिसू दिला नाही, शेजारच्या उडालेल्या जुन्या रंगाशी तो जुळवला. १९९५ मध्ये घर पुन्हा उघडलं, खर्च सुमारे दोन कोटी पौंड. हे काम बघून कुणी ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडत असेल तर मला त्याची कीव येईल. ज्या हातांनी ते छत केलं त्यांनी नंतर इतर कितीतरी घरांवर काम केलं. एक हरवलेली विद्या एका आगीमुळे परत मिळाली, हे लहानसहान फळ नव्हे.

मग क्लँडनलाही तेच का करू नये? कारण दोन्ही आगी सारख्या नव्हत्या, आणि या वादात हा साधा फरक फार थोडे लोक बोलतात. अपपार्कची आग छपरावर लागली आणि खाली उतरत आली. त्यामुळे खालच्या दालनांतलं बहुतेक सामान बाहेर काढायला वेळ मिळाला, आणि तळमजल्याच्या भिंतींवरचं लाकूडकाम, भिंतकागद बऱ्याच अंशी वाचले. जे परत केलं ते वाचलेल्या जुन्याच्या मधली पोकळी भरण्याचं काम होतं. क्लँडनची आग तळघरात लागली आणि वर चढली. मजलेच्या मजले गेले. मार्बल हॉलमधलं रिसब्राक या शिल्पकाराचं संगमरवरी काम बरंचसं राहिलं, पण आर्तारी आणि बागुत्ती यांच्या हातचं समजलं जाणारं गिलाव्याचं छत खाली आलं. अपपार्कमध्ये शर्ट रफू केला होता. क्लँडनमध्ये बटणं उरली आहेत आणि कॉलरचा एक तुकडा. एवढ्यावरून संपूर्ण शर्ट शिवला तर तो चांगला शर्ट होईल, पण त्याला जुना म्हणता येणार नाही. मार्बल हॉलपुरती मात्र गोष्ट वेगळी आहे: छायाचित्रं आहेत, मोजमापं आहेत, भिंती आहेत, संगमरवर आहे. त्या एका दालनाचं छत परत करायला पुरेसा पुरावा आहे आणि ते करावं, या बाबतीत मी जीर्णोद्धारवाल्यांच्या बाजूचा आहे.

आता दुसरी बाजू. तिचं बलस्थान नुसतं ‘प्रामाणिकपणा’ या शब्दात नाही. मागे एक थोर परंपरा आहे. १८७७ मध्ये कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस, वास्तुविशारद फिलिप वेब आणि त्यांच्या मित्रांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. निमित्त होतं ट्यूक्सबरीच्या ॲबीचं, जिथं वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट जीर्णोद्धार करणार होता. त्या काळात इंग्लंडभर चर्चमधले सोळाव्या-सतराव्या-अठराव्या शतकांतले थर खरवडून काढून काल्पनिक तेराव्या शतकापर्यंत पोचायची लाट होती. मॉरिसच्या जाहीरनाम्यानं सांगितलं, जीर्णोद्धाराऐवजी रोजची निगा राखा. भिंत कलली तर टेकू द्या, छप्पर गळलं तर दुरुस्त करा, आणि टेकू टेकूच दिसू द्या. ट्रस्टची २०२२ ची योजना याच विचाराच्या जवळ जाते, हे मान्य करायला हवं. गिलावा गेल्यामुळे विटांमधले लाकडी ठोकळे, बुजवलेली दारं, धुराड्यांच्या वाटा उघड्या पडल्या आहेत. अठराव्या शतकात घर कसं बांधत असत हे इतकं नीट क्वचितच कुठं दिसेल. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी ही खाणच आहे. वूस्टरशरमधलं विटली कोर्ट १९३७ मध्ये जळालं, त्याचा सांगाडा आजही लोक आवडीनं बघतात. तेव्हा भग्न वास्तूला सौंदर्य नसतं असं कुणी म्हणू नये.

पण भग्नावस्था ‘आपोआप’ टिकत नाही. क्लँडनच्या त्या आतल्या विटा पावसात राहण्यासाठी, लोकांनी बघण्यासाठी कधीच नव्हत्या. गिलाव्याखाली झाकल्या जातील याच हिशेबानं त्या रचल्या गेल्या. त्या तशाच उघड्या ठेवायच्या तर छप्पर हवं, पाण्याचा निचरा हवा, आधाराचं बांधकाम हवं, पूल हवेत, जिने हवेत. म्हणजे भग्नावशेष हीसुद्धा बांधून उभी केलेली वस्तू. आणि ती बांधण्याची आवडही नवी नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रज जमीनदारांना आपल्या बागेत मोडकी भिंत हवी असे. नसली तर ते मुद्दाम बांधून घेत. सँडरसन मिलर हा हौशी वास्तुविशारद अशा खोट्या पडक्या किल्ल्यांसाठी प्रसिद्ध होता. १७४० च्या दशकात हॅग्लेच्या बागेत त्यानं बांधलेला बुरूज अजून उभा आहे. मग क्लँडनच्या उघड्या विटांसमोर उभं राहून जी हुरहुर वाटते, ती खरोखर ‘सत्या’ची की त्याच जुन्या जॉर्जियन रुचीची? तुम्ही हवेलीचा एक थर निवडलाच आहे. फक्त तो सगळ्यात शेवटचा थर आहे, आणि तो एका विजेच्या फलकानं घातला आहे.

मॉरिसबद्दल मात्र मला अधिक प्रामाणिक राहिलं पाहिजे, कारण तो माझ्याही बाजूचा नाही. त्याच्या जाहीरनाम्यात असंही आहे की जुनी इमारत आजच्या वापराला गैरसोयीची झाली तर ती बदलण्यापेक्षा दुसरी बांधावी. खरवडल्या जाणाऱ्या चर्चसाठी हा सल्ला अमोल होता. घरांसाठी तो पाळला गेला असता तर काय झालं असतं? विल्टशरमधल्या लेकॉक ॲबीकडे बघा. १२३२ मध्ये सॅलिसबरीची काउंटेस एला हिनं जोगिणींचा मठ म्हणून ती स्थापन केली. आठव्या हेन्रीनं मठ बंद केले तेव्हा, १५३९ मध्ये, तोही बंद झाला आणि विल्यम शॅरिंग्टननं विकत घेतला. त्यानं चर्च पाडलं, पण मठाच्या कमानदार ओसऱ्या ठेवल्या आणि त्यांच्या डोक्यावर आपलं घर बसवलं, कोपऱ्यात एक अष्टकोनी मनोरा उठवला. दोनशे वर्षांनी, १७५० च्या दशकात, जॉन आयव्हरी टॅलबटला मध्ययुगीन थाटाचं दालन हवंसं वाटलं. घर खरोखरच मध्ययुगीन असताना! त्यासाठी त्यानं बोलावलं कुणाला, तर याच सँडरसन मिलरला. आणि त्यानंतर १८३० च्या सुमारास विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटनं दक्षिणेच्या बाजूला भिंत फोडून बाहेर झुकलेल्या तीन खिडक्या काढल्या. शुद्धतावादी तेव्हा हजर असता तर त्यानं या खिडक्यांना हरकत घेतली असती, आणि नियमाप्रमाणे त्याचं बरोबरही असतं.

ऑगस्ट १८३५ मध्ये टॅलबटनं त्याच खिडक्यांपैकी मधल्या खिडकीसमोर एक छोटी पेटी ठेवली आणि आत रसायन लावलेला कागद. जगातलं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं छायाचित्राचं निगेटिव्ह ते. पोस्टाच्या तिकिटापेक्षा फार मोठं नाही, पण त्यात त्या जाळीदार काचा दिसतात. भिंगातून बघितलं तर खिडकीच्या दोनशेच्या आसपास चौकटी मोजता येत होत्या, असं टॅलबटनं त्यावर टिपून ठेवलं आहे. त्या निगेटिव्हमध्ये तेराव्या शतकातली ओसरी नाही, सोळाव्या शतकातला मनोरा नाही. त्यात पाच-सात वर्षांपूर्वी केलेला एक बदल आहे. सहाशे वर्षं जुन्या घरातल्या एका रहिवाशाला जास्त उजेड हवा होता, म्हणून त्यानं भिंत फोडली, आणि तो उजेड पुढे जगभर गेला. लेकॉकची कुठली अवस्था ‘मूळ’ म्हणून जपायची? मठ जपायचा तर टॅलबट जातो. टॅलबट जपायचा तर मिलरचं दालन फालतू ठरवणार का? आज लेकॉकमध्ये फिरताना एका दारातून दुसऱ्या दारात जाताना तीन शतकं ओलांडली जातात, आणि हेच त्या घराचं वैभव आहे. कुणीही त्याला सरमिसळ म्हणून दोष देत नाही, कारण करणारे सगळे मेलेले आहेत. जिवंत माणसानं भर घातली की मात्र ती विटंबना ठरते!

आजच्या माणसाला ही भर नीट घालता येत नाही, असा एक आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. काचेच्या पेट्या चिकटवून बिघडवलेल्या जुन्या इमारती मीही पाहिल्या आहेत. पण उलट उदाहरणंही समोर आहेत. वॉरिकशरमधला ॲस्टली कासल हा मध्ययुगीन वाडा हॉटेल म्हणून चालू असताना १९७८ मध्ये जळाला आणि तीसेक वर्षं ओसाड पडून होता. लँडमार्क ट्रस्टनं तो घेतला आणि मोडक्या दगडी भिंतींच्या आतच नवं घर बसवलं. नव्या विटा जुन्या दगडाच्या तुटलेल्या कडेला लागून वर जातात, कुठं जुनी खिडकी नव्या भिंतीत धरलेली, कुठं जुनं दालन मुद्दाम छपराविना ठेवून अंगण केलेलं. नवं कुठं सुरू होतं ते शेंबड्या पोरालाही कळावं, आणि तरी दोन्ही मिळून एकच घर. तिथं लोक भाड्यानं राहतात, स्वयंपाक करतात, झोपतात. ब्रिटनमधला वास्तुकलेचा मानाचा स्टर्लिंग पुरस्कार २०१३ मध्ये या घराला मिळाला. विंडसर कासलमध्ये २० नोव्हेंबर १९९२ च्या आगीनंतरही असंच झालं. जिथं जुन्या दालनाचा पुरावा होता तिथं ते पूर्ववत केलं, पण सेंट जॉर्जेस हॉलचं छप्पर ओल्या ओकच्या लाकडात नव्या आराखड्यानं उभारलं. ब्रिटिश राजघराण्याच्या किल्ल्यात जे चाललं ते एका उमरावाच्या हवेलीत चालणार नाही, असं कुणी का मानावं? २०१६ च्या योजनेत, खाली पूर्ववत आणि वर नवं, याच वाटेचा अंदाज होता. ती सोडली गेली हे मला दुःखद वाटतं.

एक आक्षेप पैशाचा आणि पापाचा. थॉमस ऑन्स्लोची बायको एलिझाबेथ नाइट जमैकातल्या मळ्यांची वारसदार होती. तिथं गुलाम राबत होते, आणि क्लँडनच्या विटांत तो पैसा आहे. अशा घरासाठी एवढा खर्च कशाला, असं विचारणारे काही जण भग्नावशेषात एक न्याय बघतात. हा प्रश्न विचारायलाच हवा, त्यातून सुटका नाही. पण सांगाडा ठेवल्यानं जमैकाला काय मिळतं? उलट बघणारा विटांच्या सौंदर्यात हरवतो, आणि घर कुणाच्या जिवावर चाललं हे सांगायला खोलीच उरत नाही. नोकरांचे जिने, स्वयंपाकघर, कागदपत्रं ठेवायला कपाट, शाळकरी मुलांना बसायला जागा, हे सगळं घर असेल तर शक्य आहे.

आणि क्लँडनच्या बागेत आणखी एक घर होतं, ज्याच्याबद्दल या वादात ओझरतंच बोललं जातं. हिनेमिही हे माओरी सभागृह न्यूझीलंडमधल्या ते वैरोआ गावातलं. वेरो तारोई आणि तेने वाइतेरे यांनी १८८० च्या सुमारास त्याचं कोरीवकाम केलं. १० जून १८८६ ला तारावेरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा गावातली माणसं या घरात शिरली आणि वाचली. चौथा अर्ल ऑन्स्लो तिथं गव्हर्नर होता. त्यानं ते ५० पौंडांना घेतलं आणि १८९२ मध्ये जहाजानं इंग्लंडला आणलं. क्लँडनमध्ये ते बागेतली शोभेची खोली म्हणून वापरलं गेलं, त्याची लांबी-रुंदी बदलली, त्यावर गवताचं छप्पर चढलं. पहिल्या महायुद्धात हवेलीचं लष्करी रुग्णालय झालं होतं, तेव्हा बरे होत असलेल्या न्यूझीलंडच्या सैनिकांनी त्याची डागडुजी केली असं सांगतात. माओरींसाठी हिनेमिही ही पूर्वज आहे: आढं म्हणजे तिचा कणा, वासे म्हणजे बरगड्या. लंडनमधले माओरी वर्षानुवर्षं तिच्या अंगणात जमत आले, कारण माणसांवाचून असं घर एकटं पडतं अशी त्यांची धारणा आहे. तिचं कोरीवकाम मायदेशी पाठवायचं हे २०१९ मध्ये ठरलं, आणि बदल्यात आजच्या माओरी कारागिरांनी नव्यानं कोरलेलं काम क्लँडनच्या बागेत यावं असंही ठरलं. त्या करारात कुणी ‘नक्कल’ हा शब्द काढला नाही. छिन्नी हातात धरलेली जिवंत माणसं आहेत, त्यांना आपल्या पूर्वजांचं काम पुढे न्यायचं आहे, आणि बागेत त्यांच्यासाठी जागा आहे. तिथून थोड्या पावलांवरच्या हवेलीत मात्र गवंड्याला, गिलावा करणाऱ्याला, सुताराला सांगितलं गेलं आहे की इथलं काम संपलं.